वहीत चंद्रीचं नाव लिहिणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस लागला होता आणि पोरगं गाढ झोपलं होतं. मी दोनदा उठून बघितलं. म्हणून हे पत्र.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या आमच्या चिखलीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तो पाच वर्षांचा. बोटीत बसायच्या आधी मी म्हशींची दावी कापली. दोन परत मिळाल्या, चंद्री नाही. २०२१ ला पुन्हा गाव सोडलं. मग ढग आले की त्याचं पोट दुखायचं, अंथरूण ओलं व्हायचं, आणि सारखा एकच प्रश्न, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" तिथं पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ.

एका डॉक्टरांनी त्याच्याकडं मान वर करूनही न बघता सांगितलं, "लाड कमी करा." फी मात्र मोजून घेतली. शाळेत म्हणाले, नाटकं करतोय. एका पाहुण्यानं दृष्ट काढायला लावली. त्याचं निदान मन तरी साफ होतं.

तुम्ही संशोधनासाठी आलात तेव्हा वाटलं, आणखी एक फॉर्म. पण तुम्ही घरातल्या सगळ्यांना बसवलंत, माझ्या आईलासुद्धा, आणि पोराला विचारलंत, "म्हशीचं नाव काय होतं?"

त्याला त्रास नको म्हणून ते नाव आम्ही घरात काढतच नव्हतो. तो म्हणाला, "चंद्री." तुम्ही विचारलंत, "च वर अनुस्वार ना?" आणि त्याला दाखवत दाखवत वहीत लिहिलंत. तेव्हा तो माझ्याकडं वळला. "आप्पा, मी बोटीत रडलो म्हणून तुम्ही तिला सोडलासा न्हवं?"

मी उठून परड्यात गेलो. तुम्ही मागं आला नाहीत, आईला पाठवलंत. एवढी समज शिकून येते की घरातून, देव जाणे.

हवाईतल्या कौआई बेटावरच्या, १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचं तुम्ही सांगितलं होतं. हलाखीत वाढूनही जी नीट उभी राहिली, त्यांना घरातलं नाहीतर शेजारचं एखादं भरवशाचं माणूस होतं म्हणे. आई लगेच म्हणाली, "आमच्यात तर चौघं हाईत, मग अडलं कुठं?" तुम्ही नुसत्या हसलात. अडलं होतं माझ्या तोंडात.

आता पावसाळ्यात जेवताना पाण्याची पातळी तोच मोठ्यानं वाचतो, एकदाच. मग मोबाईल फडताळात. चंद्रीच्या गोष्टीही निघतात; ती आईला कशी लाथ मारायची, वगैरे.

एक मागणं आहे. वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवाल का? नियमात बसत नसेल तर राहू दे.