सिव्हिलच्या लॅबमध्ये कल्चर रोज लागलं पाहिजे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँटिबायोटिक निकामी होतायत अशा बातम्या तुमच्या पेपरात हल्ली वरचेवर येतात, आणि त्या यायलाच हव्यात, पण प्रत्येक बातमीत दोष एक तर चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्यावर जातो नाहीतर कोर्स अर्धवट सोडणाऱ्या पेशंटवर, आणि हॉस्पिटलच्या लॅबचं नाव कुठेच निघत नाही. म्हणून हे लिहायला बसले. मी बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या मुलामुलींना मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल शिकवते. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये रोज कल्चर लागत नाही त्या जिल्ह्यात कुठलं औषध चालतंय आणि कुठलं नाही हे कुणालाच माहीत नसतं, वॉर्डातल्या डॉक्टरला नाही, पुण्या-मुंबईच्या आरोग्य खात्याला नाही आणि दिल्लीत आकडे मांडणाऱ्यांनाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कल्चर लावणं म्हणजे रक्त, लघवी किंवा जखमेतला पू घेऊन त्यातला जंतू प्लेटवर वाढवायचा, तो कुठला ते ओळखायचं, मग त्याच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं की कुठल्या डिस्कभोवती जंतू वाढलाच नाही. त्या मोकळ्या गोलाला आम्ही झोन म्हणतो, तो मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि चार्ट बघून ठरवायचं की औषध लागू पडेल की नाही. सगळं मिळून दोन-तीन दिवस लागतात. खूप महागडी मशीन लागते असं काही नाही, इन्क्युबेटर, सामान वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, फ्रीज, मायक्रोस्कोप, चांगला मीडिया म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, आणि शिकलेला माणूस असला की चालतं.

पण आपल्याकडे होतं काय, ताप चार-पाच दिवस उतरला नाही की विडाल नावाची रक्ताची तपासणी करतात, जी टायफॉइडच्या अँटिबॉडी बघते, विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉइड म्हणतात आणि इंजेक्शनं सुरू. एका विडालवर टायफॉइड ठरत नाही, आधी कधी होऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मुळात जंतूवर कुठलं औषध चालेल हे विडाल सांगूच शकत नाही. ते फक्त ब्लड कल्चर सांगतं. तरी गावोगावच्या लॅबच्या पाटीवर विडाल असते आणि ब्लड कल्चर नसतं.

कल्चरने किती फरक पडतो ते बघायचं असेल तर पाकिस्तानातल्या सिंध प्रांताकडे बघा. तिथल्या हैदराबाद शहरात २०१६ च्या नोव्हेंबरपासून लहान मुलांना असा टायफॉइड व्हायला लागला की जो क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन या सगळ्यांना तर दाद देत नव्हताच, पण जे सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन आपल्याकडे सलाईनबरोबर सर्रास लावतात त्यालाही देत नव्हता. तोंडाने द्यायला राहिलं एकटं अ‍ॅझिथ्रोमायसिन, नाहीतर मग मेरोपेनेमसारखी भारी इंजेक्शनं. हे कळलं कसं, तर कराचीच्या आगा खान युनिव्हर्सिटीच्या लॅबची सँपल घेणारी सेंटर्स सिंधभर पसरलेली होती, ब्लड कल्चर रोज लागत होते आणि निकाल एका ठिकाणी जमा होत होते, त्यामुळे एकाच शहरातून एकसारखे रिपोर्ट यायला लागले ते लगेच नजरेत भरलं. लतिफाबाद आणि कासिमाबाद या भागांत केसेस जास्त, तिथल्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत होतं हे त्यातून पुढे आलं. मग २०१८ मध्ये तिथल्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस दिली गेली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानने ती नेहमीच्या लसीकरणात घ्यायला सुरुवात केली, जगात असं करणारा तो पहिला देश. लस आपल्या हैदराबादच्या कंपनीची होती हेही इथे सांगितलं पाहिजे. आता विचार करा की त्या शहरात कल्चर लागतच नसते तर काय झालं असतं, मुलं आजारी पडत राहिली असती, डॉक्टर सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन देत राहिले असते, ताप उतरत नाही म्हणून डोस वाढवत राहिले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आपल्या नवी मुंबई महापालिकेनेही २०१८ मध्ये हीच लस एक लाखाच्या वर मुलांना दिली, देशात सरकारी पातळीवर पहिल्यांदा, आणि तिचा उपयोग किती झाला हे तपासायला हॉस्पिटलांमधले ब्लड कल्चरच लागले. चांगलं काम होतं ते, त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

आता आपल्या जिल्ह्यांच्या लॅबबद्दल, कारण माझी खरी कळकळ तिथली आहे. बाहेरून वाटतं लॅब आहे म्हणजे काम होत असेल. पण मी पाहिलेलं चक्र असं आहे की डॉक्टरचा रिपोर्टवर विश्वास नाही म्हणून तो कल्चर पाठवत नाही, सँपल येत नाहीत म्हणून मीडिया आणि डिस्क पडून एक्स्पायर होतात, एक्स्पायर होतात म्हणून पुढच्या वर्षी मागणी कमी लागते किंवा लागतच नाही, मग एखाद दिवशी खरंच गरज पडली की सामान नसतं, आणि डॉक्टर म्हणतो बघा, मी म्हटलं नव्हतं का. यात कुणी एक माणूस वाईट नाहीये. डॉक्टरला रात्री दोन वाजता धाप लागलेलं बाळ समोर असतं, तो तीन दिवस थांबू शकत नाही, त्यामुळे तो सगळ्यांत भारी औषध लावतो आणि ते बरोबरच आहे. चूक पुढे होते. तिसऱ्या दिवशी कल्चर बघून साध्या औषधावर यायला हवं, पण कल्चर पाठवलेलंच नसतं, मग भारी औषध तसंच चालू राहतं.

आणि पाठवलं तरी कसं पाठवतात? मोठ्या माणसाच्या ब्लड कल्चरला एका बाटलीत आठ-दहा मिली रक्त हवं, शक्यतो दोन वेगवेगळ्या हातांतून आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. प्रत्यक्षात दोन-तीन मिली येतं, तेही औषध सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर. संध्याकाळी लॅब बंद झालेली असते म्हणून एका हॉस्पिटलात वॉर्डातल्या सिस्टर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवायच्या, त्यांना वाटायचं सँपल खराब होऊ नये, पण ब्लड कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवली की जे थोडेफार जंतू असतात तेही मरू शकतात. सकाळी आम्ही ती इन्क्युबेटरला लावायचो, पाच-सात दिवसांनी नो ग्रोथ, आणि डॉक्टर म्हणायचे तुमच्याकडे कधी काही उगवतच नाही. त्या सिस्टरना कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे जाऊन एकदा सांगितल्यावर त्या बाटल्या बाहेर ठेवायला लागल्या आणि पॉझिटिव्ह यायला लागले, खर्च शून्य.

लॅबच्या आतलंही सांगायला हवं कारण लोकांना वाटतं रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. डिस्क ज्या प्लेटवर लावतात तिच्यातल्या म्यूलर हिंटन अगार या मीडियाची जाडी चार मिलिमीटर पाहिजे. मीडिया वाचवायला कुणी प्लेट धिरड्यासारखी पातळ ओतली की औषध जास्त पसरतं, झोन मोठा दिसतो आणि न चालणारं औषध रिपोर्टवर चालतंय म्हणून जातं. उलट लाईट जाऊन-येऊन फ्रीज गरम झाला, डिस्कमधल्या औषधाचा जोर गेला की झोन लहान येतो आणि चालणारं साधं औषध रेझिस्टंट, म्हणजे न चालणारं, म्हणून जातं, मग पेशंटला विनाकारण महागडं इंजेक्शन. हे पकडायचं कसं, तर कंट्रोल लावून, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू तपासून. ई. कोलाय या जंतूचा एक ठरलेला स्ट्रेन, म्हणजे वाण, मिळतो, एटीसीसी २५९२२ नंबरचा, त्याच्यावर जेंटामायसिनची डिस्क लावली तर झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला पाहिजे, नाही आला तर त्या दिवशीचे जेंटामायसिनचे रिपोर्ट सोडायचे नाहीत. इतकी साधी गोष्ट आहे ही. पण मी अशा लॅब पाहिल्यात की जिथे कंट्रोल स्ट्रेन कधी आणलाच नव्हता. ब्लड अगार या रक्त घातलेल्या मीडियाला मेंढीचं रक्त लागतं, ते मिळत नाही म्हणून ब्लड बँकेतलं तारीख उलटलेलं माणसाचं रक्त घालतात, त्यात आधीच अँटिबॉडी असतात, कधी रक्त देणाऱ्याने घेतलेलं औषधही असतं, न्युमोनियाचे जंतू त्याच्यावर नीट वाढतीलच याचा भरवसा नाही. कोलिस्टिनसारख्या शेवटच्या औषधाची तपासणी तर डिस्कने होतच नाही, ती वेगळ्या पद्धतीने करावी लागते, तरी कोलिस्टिनची डिस्क लावून दिलेले रिपोर्ट माझ्या हातात आलेले आहेत. असे रिपोर्ट गोळा करून राज्याचा आकडा काढला तर तो कशाचा आकडा असेल सांगा.

आकडे आपल्या देशाकडे नाहीत असं नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर लक्ष ठेवणारं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं नेटवर्क २०१३ पासून आहे, एनसीडीसी या केंद्राच्या रोग नियंत्रण संस्थेचंही आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या याच कामाच्या ग्लास या यंत्रणेत भारत २०१७ पासून आहे. पण त्यातली बहुतेक माहिती मेडिकल कॉलेजं आणि मोठ्या हॉस्पिटलांची, जिथे पेशंट पोचतो तोच दोन-तीन ठिकाणी औषधं खाऊन, आयसीयूत जाण्याच्या स्थितीत. तिथले जंतू जास्त हट्टी असणारच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला हे आकडे जसेच्या तसे लावले तर डॉक्टर उगाच मोठ्या इंजेक्शनकडे वळतो, तिचं कदाचित नायट्रोफ्युरँटॉइनच्या स्वस्त गोळीने भागलं असतं. हे जिल्ह्याचा स्वतःचा अँटिबायोग्राम असला तरच कळतं, म्हणजे वर्षभरात कुठल्या जंतूवर कुठलं औषध शंभरातल्या किती जणांत चाललं त्याचा तक्ता. केरळने २०१८ मध्ये अशा हट्टी जंतूंविरुद्ध देशात पहिला राज्याचा कृती आराखडा केला आणि जिल्ह्यांच्या लॅब एकमेकींना जोडून राज्याचा अँटिबायोग्राम काढायला घेतला. तो तक्ता करायला लागणारं व्होनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. आफ्रिकेतल्या १४ देशांत जवळपास ५०,००० लॅबचा आढावा घेतला होता, २०२२ मध्ये तो बाहेर आला, त्यात बॅक्टेरियाची तपासणी करणाऱ्या लॅब निघाल्या फक्त १.३ टक्के. आणि २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट गेलेले जीव १२.७ लाख असा अंदाज आहे. ज्या देशांत मरण जास्त तिथेच तपासणी नाही. गरीब देशांच्या लॅबना ब्रिटनच्या फ्लेमिंग फंडातून पैसा मिळत होता, तोही बंद करायचं ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. दुसऱ्याच्या पैशावर लावलेला इन्क्युबेटर प्रोजेक्ट संपला की बंद पडतो, आणि भेट म्हणून आलेल्या ऑटोमॅटिक मशीनचं तर आणखी अवघड, तिची तपासणीची कार्डं त्याच कंपनीची घ्यावी लागतात, मेंटेनन्सचं कंत्राट संपलं की वर्षभर कव्हर घालून ठेवतात. मशीन नकोच असं मी म्हणत नाही, मोठ्या हॉस्पिटलला ती लागतेच, पण हाताने डिस्क लावून बरोबर वाचणारा माणूस आधी तयार करा.

आणि जमत नाही हे मला कुणी सांगू नये. टीबीसाठी आपण ते केलेलं आहे, गावातून थुंकीचं सँपल जिल्ह्याला जातं, औषध लागू पडेल का हे मशीनवर कळतं, निक्षय पोर्टलवर पेशंटची नोंद होते. कोविडच्या सुरुवातीला, २०२० च्या जानेवारीत, तपासणी करणारी एकटी पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था होती, पुढच्या दीड वर्षात देशात दोन हजारांच्या वर लॅब झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत हेल्थ इन्फ्रास्ट्रक्चर मिशन सुरू केलं, त्यात ७३० जिल्ह्यांत प्रत्येकी एक इंटिग्रेटेड पब्लिक हेल्थ लॅब धरलेली आहे. म्हणजे इमारतीचं आणि मशीनचं कागदावर ठरलेलं आहे. त्या इमारतीत एमडी मायक्रोबायोलॉजिस्ट कायमच्या पोस्टवर हवा, टेक्निशियन अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको, कारण झोन वाचायला हात आणि डोळा बसायला वेळ लागतो आणि माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थिनी शिकून तयार झाल्या की कंत्राट संपून प्रायव्हेटला निघून जातात. रविवारी आणि रात्री बाटली घेणारं कुणीतरी हवं. आणि रिपोर्ट वॉर्डात फोनने सांगितला गेला पाहिजे, पेशंट डिस्चार्ज झाल्यावर फाईलला लावायला नको.

संपादक साहेब, तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांनी आपापल्या सिव्हिल सर्जनना विचारावं की गेल्या महिन्यात ब्लड कल्चर किती लागले, रिपोर्ट वॉर्डात किती दिवसांत गेला, कंट्रोल स्ट्रेन शेवटचा कधी लावला आणि मायक्रोबायोलॉजिस्टची जागा भरलेली आहे का. जी उत्तरं मिळतील ती जिल्हावार छापा. जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा ठरायच्या आधी छापलीत तर फार बरं होईल, कारण मीडिया, डिस्क आणि कंट्रोल स्ट्रेनचा वर्षाचा खर्च त्या निधीतून मागता येतो आणि तो कुणीतरी मागायला हवा.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मराठवाडा