पिकअपच्या सीट कव्हरबरोबरची चिठ्ठी

पंचवटी, नाशिक

चि. बाळूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मामाबरोबर सीट कव्हरचं गाठोडं पाठवलंय, त्यातच ही चिठ्ठी ठेवते. फोनवर सांगायला गेलं की तिकडे लिलाव चालू असतो, निम्मं बोलणं गोंगाटात जातं. हा कागद गाडीच्या कप्प्यात राहू दे आणि कव्हर चढवायला घेशील तेव्हा पुढ्यात घे.

आधी रंगाचं सांगते. तू काळं मागितलं होतंस, लाल पट्टीचं. मी करडं शिवलंय. पिंपळगावच्या मार्केटात तुझी गाडी लिलाव, वजन आणि हिशोबपट्टी होईपर्यंत उन्हात उभी असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या घरात जातो आणि काचा लावलेली केबिन त्याहून कितीतरी जास्त तापते. काळं रेक्झिन त्या वेळी मांडीला चटका देतं. शिवाय कांद्याच्या आवारातली धूळ काळ्यावर लगेच उठून दिसते. लाल पट्टी अगदी टाळली नाही, पाठीच्या वरच्या भागात घेतली आहे. तुझी हौसही राहायला हवी.

हे कव्हर चामड्याचं नाही, हे तुला माहीत आहेच. दुकानात नॅपा, आर्ट लेदर, लेदरेट अशा नावांनी जे मिळतं ते बहुतेक सगळं कापडावर चढवलेल्या प्लास्टिकच्या थराचं असतं. त्यात दोन जाती. पीयू हाताला मऊ लागतं, दिसायला चामड्याच्या जास्त जवळ. पण हलकं पीयू ओल सोसत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघायला लागतात. पीव्हीसी जरा जड आणि ताठर, पण पाणी, चिखल, फळांचा रस सगळं फडक्याने पुसता येतं. तुझा धंदा टोमॅटो आणि द्राक्षांचा, म्हणून मी जाड विणीच्या कापडावरचं पीव्हीसी घेतलं. त्यालाही मरण आहेच. त्याला मऊ ठेवणारं तेल आतमध्ये असतं, ते ऊन आणि उष्णतेने हळूहळू निघून जातं, मग माल कडक होतो आणि घडीच्या जागी तडकतो. ते जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं, एवढंच आपल्या हातात.

भोकाभोकांचं रेक्झिन फक्त पाठीला लावलंय, म्हणजे घाम सुकेल. बसायच्या जागी मुद्दाम सपाट ठेवलं. भोकांतून रस आणि पाणी थेट फोममध्ये उतरतं आणि मग तो वास काही केल्या जात नाही. दुकानांत हल्ली पूर्ण सीटभर भोकं असलेलं देतात. शहरात ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीला ते ठीक, मालाच्या गाडीला नाही.

आता एक गोष्ट हाताने चाचपून बघ. ड्रायव्हर सीटच्या कव्हरची उजवी कड, म्हणजे दाराकडची. तिथे पायपिंग, म्हणजे शिवणीत घालतात ती गोल दोरीसारखी किनार, नाही आणि रेक्झिन दुहेरी आहे. तू दिवसात कितीदा चढतोस-उतरतोस! प्रत्येक वेळी मांडी त्याच कडेवरून घासत जाते, म्हणून सगळ्यांच्या कव्हरची तीच जागा आधी फाटते. पायपिंग दिसायला छान दिसतं, पण तिथे ते आधी उसवतं. शिवणीत टाकाही लांब घेतलाय, जवळजवळ ४ मिलिमीटर. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते असं लोकांना वाटतं. रेक्झिनमध्ये उलटं होतं: सुई जितकी जास्त भोकं पाडेल तितकं ते टपालाच्या तिकिटासारखं ओळीत फाटत जातं. दोरा पॉलिस्टरचा आहे. सुती दोरा घामाने कुजतो, नायलॉन मजबूत असतो पण उन्हाला लवकर हरतो. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं मशीनवर बसून माझ्या हाताला हेच सवयीचं झालंय.

कव्हर चढवायच्या आधी खालची सीट नीट कर. तुझी गाडी पहिल्या मालकाने बरीच चालवलेली आहे, आणि ड्रायव्हर सीटचा उजवीकडचा फोम खचलाय हे तू दारात गाडी आणलीस त्या दिवशीच मी पाहिलं होतं. नवं कव्हर घातल्याने खचलेली सीट सरळ होत नाही. रात्री माल भरून वाशीला निघायचं, कसारा घाट उतरायचा, पहाटे खाली करून परत यायचं, एवढा वेळ कंबर एका बाजूला कलून बसली तर काय होतं ते तुझ्या अण्णांच्या पाठीला विचार. गाठोड्यात जरा कडक फोमची पट्टी ठेवली आहे, एक इंच जाडीची. जुनं कव्हर काढलं की उजव्या कडेला ती बसवून बघ, बसून बघ, लागेल तशी कापून घे. कडा तिरक्या काप, नाहीतर मांडीखाली पायरी लागेल. तरी सीट खालीच जात असेल तर आतली स्प्रिंग गेली आहे असं समज आणि गॅरेजला दाखव. त्याआधी कव्हर चढवू नको.

त्या जुन्या कव्हरची एक बाजू मी उचलून बघितली होती. खाली टोमॅटोच्या बिया चिकटून वाळलेल्या, मूळच्या कापडावर काळी बुरशी, आणि एक गंजलेला हूक थेट फोममध्ये रुतलेला. वरून मात्र चकचकीत. म्हणून म्हणते, जुनं सगळं काढ, फटींमधला कचरा झाडून घे, ओल्या फडक्याने पुस आणि दारं उघडी टाकून एक दिवस सुकू दे. सीट कोरडी खडखडीत झाल्याशिवाय वर रेक्झिन घालायचं नाही. प्लास्टिकखाली कोंडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते.

सध्या थंडी आहे. निफाडकडे तर बागांत रात्री शेकोट्या पेटवायची वेळ येते. अशा गारठ्यात पीव्हीसी आखडतं. सकाळी ओढाताण केलीस तर शिवण ताणली जाईल. दुपारी बसव. कव्हरं आधी अर्धा तास उन्हात पसरून ठेव, हाताला मऊ लागली की घे.

हेडरेस्ट काढून ठेव. पाठीचं कव्हर वरून घाल, दोन्ही खांदे आधी बरोबर बसव आणि मग सारखं खाली ओढत ये. एकीकडून पूर्ण ओढून मग दुसरीकडे गेलास तर शिवण वाकडी बसेल. पाठ आणि बैठक यांच्या मधल्या फटीतून खालची झालर मागे सरकव, मागून हात घालून ओढून घे. बैठकीचंही तसंच. सुरकुती राहिली तर मधून कडेकडे तळव्याने दाबत जा. थोड्या सुरकुत्या बसून-बसून आठवड्याभरात जातात, त्यासाठी जीव खाऊन ओढू नको. ताणून बसवलेलं कव्हर पहिल्या दिवशी सुंदर दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात शिवणीला फाटतं.

हूक लावताना टॉर्च घेऊन सीटखाली बघ. हूक लोखंडी फ्रेमलाच लावायचे. वायरीला नाही, पुढे-मागे सरकवायच्या लिव्हरच्या तारेला नाही, फोममध्ये तर मुळीच नाही. हुकाचं टोक बाहेरच्या बाजूला वळव. सगळं झालं की सीट पार पुढे आणि पार मागे सरकवून बघ, पाठ पाडून-उठवून बघ. कुठे इलॅस्टिक अडकत असेल तर तेव्हाच कळेल, चालत्या गाडीत कळायला नको. खिळा, स्टेपल, फेविबाँड यांतलं काहीही वापरू नको. कव्हर पुन्हा काढता आलं पाहिजे.

सीट बेल्टचं बकल कव्हरच्या वर आलं पाहिजे. हे मी तुला डोळ्यांत तेल घालून बघायला सांगते. बरेच जण बकल कव्हरखाली दाबून टाकतात आणि मग बेल्ट लावायचं सोडूनच देतात. जोड सीटवर बसणाऱ्या पोरांचीही बकलं वर काढ, त्यासाठी काप ठेवले आहेत आणि कापांच्या कडा दुमडून शिवल्या आहेत. काप कमी पडला तर तू कात्री चालवू नको, मला सांग.

आता निगा. त्याला खर्च नाही, सवय लागते. रोज माल खाली केला की कोरड्या फडक्याने धूळ झटक. धुळीत बारीक वाळू असते, तिच्यावर बसून सरकलं की रेक्झिनची वरची साल खरवडते. पंधरवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात थोडा साधा शाम्पू घाल, फडकं पिळून घे आणि पूस. शिवणींत जुना मऊ दातघासणीचा ब्रश फिरव. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. पाइप लावून केबिन धुवायची नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर याने डाग निघतो हे खरं, पण त्याबरोबर वरचा थर आणि आतलं तेलही निघून जातं.

डॅशबोर्डला लावतात ते चकचकीत पॉलिश सीटला लावू नको. कोणी फुकट दिलं तरी नको. त्याने सीट निसरडी होते. घाट उतरताना ब्रेक दाबला की माणूस पुढे घसरतो आणि स्वतःला सावरायला पायाने जोर लावत राहतो. तुझा पाय ब्रेकवरच मोकळा असला पाहिजे, बाळा. खोबरेल तेलही नको, धूळ धरतं आणि खवट वास येतो.

द्राक्षाचा रस सांडला तर लगेच पूस. साखर शिवणीत वाळली की मुंग्या येतात, आणि खाण्याच्या वासाने उंदीर. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी लावतोस, तिथे उंदरांना तोटा नाही. डबा गाडीत उघडलास तर शितं-तुकडे झाडून मगच झोप. भाजीचा हळदीचा डाग पडला तर आधी शाम्पूच्या पाण्याने पूस, उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका होतो, घासत बसू नको. पावतीवर लिहिताना पेनाची शाई लागली तर कापसाच्या बोळ्यावर थोडं सॅनिटायझर घेऊन डागापुरतं टिप, आधी सीटखालच्या बाजूला एकदा करून बघ.

बागेत फवारणी करून आलेला माणूस त्याच कपड्यांनी सीटवर बसू देऊ नको. मोरचुदाचे निळे डाग तर पडतातच, पण ते औषध सीटवर राहतं आणि नंतर तुझ्या अंगाला, डब्याला लागतं. कोणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नको. मागे जुनं पोतं ठेव, ते अंथरून बसव. द्राक्षाची कात्री आणि किल्ल्यांचा जुडगा मागच्या खिशात ठेवून बसायची तुझी सवयही सोड.

गाडी उभी करताना पुढच्या काचेला आतून पुठ्ठा लाव, सीटवर पांढरा पंचा टाक. पावसाळ्यात ओला रेनकोट सीटवर नको. आणि दसऱ्याला गाडी धुशील तेव्हा कव्हरं एकदा काढून खालची सीट वाळव, गंजलेले हूक बदल. जास्तीचे हूक आणि इलॅस्टिक पिशवीत आहेत. बारीक चीर पडली तर वरून टाके घालू नको, प्रत्येक टाका नवं भोक पाडतो. करड्या मालाचे उरलेले तुकडे दिलेत, चिरीच्या खालून तुकडा सरकव आणि रेक्झिनच्या सोल्युशनने चिकटव, रात्रभर वर वजन ठेव.

जुनी कव्हरं फेकू नको, मामाबरोबर परत पाठव. मागची इलॅस्टिकं आणि बकलं चांगली आहेत, मला उपयोगी पडतील. जोड सीटच्या हेडरेस्टची कव्हरं राहिली आहेत, त्यांचं माप तू दिलंच नव्हतं. उंची, रुंदी, जाडी आणि दोन दांड्यांमधलं अंतर मोजून कळव, म्हणजे द्राक्षांचा हंगाम तापायच्या आत शिवून देते.

तुझी
आई