बुडालेलं गाव, इथलंही

पोर्टलंड (ऑरेगन, अमेरिका), २१ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एप्रिलात येतो खरं, पण तिथं बघायचं काय? डोंगर आणि मॉल. अडीचशे वर्षांचा देश, त्याला कसला इतिहास!" तेव्हा कुकरची शिट्टी होत होती म्हणून मी वाद घातला नाही. आता सवडीने घालते. छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या मास्तरांना पत्राने धडा द्यायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलं तर लाल पेन काढू नका.

आधी गंमत. पोर्टलंड हे नाव नाणं उडवून ठरलंय. १८४५ साली इथल्या जमिनीचे दोन मालक होते, लव्हजॉय आणि पेटीग्रोव्ह. एकाला गावाचं नाव बॉस्टन हवं, दुसऱ्याला मेन राज्यातल्या आपल्या पोर्टलंडचं. एका सेंटचं नाणं उडवलं, तीनातले दोन डाव पेटीग्रोव्हने जिंकले. ते नाणं अजून जपून ठेवलंय. लव्हजॉय जिंकला असता तर "आमची लेक बॉस्टनला असते" असं कॉलनीत सांगता आलं असतं तुम्हाला, केवढं वजन पडलं असतं!

पण ऑरेगनचा सगळा इतिहास असा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८४४ मध्ये इथल्या हंगामी सरकारने गुलामगिरीवर बंदी घातली आणि त्याच दमात कायदा केला, की काळ्या माणसांनी ठरलेल्या मुदतीत प्रांत सोडायचा, नाहीतर फटके. फटक्यांचं कलम लवकरच गेलं. पण १४ फेब्रुवारी १८५९ ला ऑरेगन राज्य झालं, तेव्हा काळ्यांनी इथं येऊन राहायचं नाही असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. पुढे ते निष्प्रभ झालं तरी घटनेतून काढायला १९२६ उजाडलं. इथली माणसं इतकी गोड बोलतात, कचरा सहा डब्यांत वेगळा करतात, की मला हे कळायला आठ वर्षं लागली.

पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होतात आणि काकांनी तुम्हाला खांद्यावर बसवून पर्वतीकडे पळवलं होतं ना? मग व्हॅनपोर्टचं तुम्हाला नीट समजेल. दुसऱ्या महायुद्धात इथे जहाजं बांधायचे कारखाने निघाले, कामगार हजारोंनी आले. त्यांच्यासाठी १९४२ मध्ये कोलंबिया नदीच्या पूरमैदानात एक अख्खं शहर घाईघाईने उभं केलं. भरात असताना तिथे चाळीस हजार माणसं होती, राज्यातलं दुसरं मोठं शहर. पोर्टलंडात काळ्यांना घर मिळणं मुश्कील, त्यामुळे त्यांच्यातले कितीतरी तिथेच राहिले. ३० मे १९४८, रविवार. नदी फुगलेली. सकाळी घराघरांत सरकारी चिठ्ठी आली: बांध सध्या सुरक्षित आहेत, गरज पडली तर कळवू, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला रेल्वेचा भराव फुटला. पंधरा माणसं गेली, साडेअठरा हजारांचे संसार गेले. ते शहर पुन्हा बांधलंच नाही. आज तिथे गोल्फचं मैदान आणि मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे.

आता तुमच्या आवडीचं. कोलंबिया समुद्राला मिळते तिथलं अ‍ॅस्टोरिया आपल्याला बघायचंच आहे. तिथल्या लाकडाच्या गिरणीत शंभर वर्षांपूर्वी पंजाबी मजूर होते आणि १९१३ मध्ये तिथल्या फिनिश लोकांच्या सभागृहात इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीची स्थापनेची सभा झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ह्याच पश्चिम किनाऱ्यावर शेतकी शिकले आणि गदरच्या पायाभरणीत होते. पुढे मेक्सिकोत जाऊन त्यांनी मक्यावर असं काम केलं, की दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. आणि गदरसाठी १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेलेले विष्णू गणेश पिंगळे तर आपल्याच जिल्ह्यातले, तळेगाव ढमढेऱ्याचे. शाळेत तुम्ही पिंगळ्यांवर अख्खा तास घ्यायचात. अ‍ॅस्टोरियाचं नाव त्या तासाला घेतलं असतंत, तर मी इथे आल्या आल्या गेले असते.

रजनीशांचं थोडक्यात सांगते, आईला तो विषय आवडत नाही. पुण्याहून उठून ते १९८१ मध्ये इथे आले आणि अनुयायांनी चौसष्ट हजार एकर माळरान घेऊन शहर वसवलं. १९८४ मध्ये जिल्ह्याची निवडणूक जिंकायची म्हणून त्यांच्यातल्या काही जणांनी द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू कालवले. ७५१ माणसं आजारी पडली. वर्षभरात सगळा कारभार गुंडाळला. मी मूळची पुण्याकडची म्हटल्यावर इथले म्हातारे भुवया उंचावतात, त्याचं कारण हे.

आई, आता तुझ्यासाठी. मागच्या रविवारी मी त्याच द डॅल्सच्या पुढे, सेलिलोला गेले होते. तिथे कोलंबियावर मोठा धबधबा होता. यकामा, वॉर्म स्प्रिंग्स, युमटिला, नेझ पर्स ह्या जमाती हजारो वर्षं तिथे मासे धरायच्या. खडकांवरून पाण्यावर लाकडी फळ्यांचे माचे काढलेले, त्यावर कमरेला दोर बांधून माणूस उभा, हातात लांब दांड्याचं जाळं आणि खालून उसळी मारून वर चढणारे सामन. १८५५ च्या तहात हा हक्क त्यांना लिहून दिला होता. मग द डॅल्सचं धरण झालं, विजेसाठी आणि मालाच्या पडावांसाठी. १० मार्च १९५७ ला दारं बंद केली. लोक काठावर उभे राहून बघत होते. काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला आणि आवाज थांबला. त्या जागेचं त्यांच्या बोलीतलं नाव वायम, म्हणजे पडत्या पाण्याचा प्रतिध्वनी. मोबदला चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर.

आज तिथे नदी ताटासारखी सपाट आहे. शेजारून आगगाडी जाते, हायवे जातो. द डॅल्सला गुगलचं डेटा सेंटर आहे, आर्याचे तुम्हाला पाठवलेले फोटो तिथेच कुठेतरी पडले असतील, कोण जाणे.

रस्त्याच्या कडेला एक बाई पेटीत बर्फ घालून मासे विकत होती, तुझ्याएवढी असेल. मी एक सामन घेतला. तिने तो तागडीवर ठेवला, कागदात गुंडाळला, सुटे पैसे मोजून दिले. मी विचारलं, धबधबा कुठे होता? तिने हात पुसले आणि नुसती हनुवटी उचलून पाण्याकडे दाखवलं.

आई, मी तिसरीत असताना आपण एसटीने सोलापूरला चाललो होतो. पळसदेवपाशी तू अशीच हनुवटी उचलून उजनी धरणाच्या पाण्याकडे दाखवलंस, "ते बघ माझं माहेर" म्हणालीस, आणि पिशवीतून मला संत्रं सोलून दिलंस. मी खूप वेळ बघत होते. पाण्यावर बगळे होते फक्त. पळसनाथाचं शिखर उन्हाळ्यात उघडं पडतं हे मला किती तरी वर्षांनी मामाकडून कळलं. त्या बाईच्या गाडीपाशी मी एवढा वेळ उभी राहिले, की तिने मला आणखी काही हवंय का विचारलं.

२००८ मध्ये ध्वनिलहरींनी नदीचा तळ तपासला. धबधब्याचे खडक जसेच्या तसे आहेत म्हणे. आणि काठावरच्या सेलिलो गावात अजून दर वसंतात पहिल्या सामनची पंगत होते. तुम्ही एप्रिलात याल तेव्हा साधारण तोच सुमार असेल. पंगत त्यांची आहे, बोलावलं तर जाऊ, नाहीतर काठावर बसून भाकरी खाऊ.

येताना लोणच्याची बरणी बॅगेत घालू नकोस, मागच्या वेळी बाबांच्या सदऱ्यांचं काय झालं आठवतंय ना. गोडा मसाला चालेल. आणि मामाकडे जुन्या गावठाणाचा फोटो आहे, वेशीपुढे सगळे उभे आहेत तो. मोबाईलवर काढलेला नको, तोच आण. साडीच्या घडीत ठेव म्हणजे दुमडणार नाही. तुला अजून कोण कोण ओळखू येतं, ते मला मागे पेन्सिलीने लिहून घ्यायचंय.

तुमची,
माई

ता. क. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, आठवली की नाही.