फाटलेला आवाज आणि मुद्दाम फाडलेला आवाज

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात डीजेच्या त्रासावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्रासाबद्दल दुमत नाही. मिरवणूक गल्लीतून जाते तेव्हा माझ्याही दुकानातल्या कपाटाची काच थरथरते. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की कॉम्प्युटरवर बनवलेलं ते खरखरीत, फाटक्या आवाजाचं संगीतच बंद करा. इथं मोठा आवाज आणि फाटका आवाज यांची खिचडी झाली. परभणीत माझं रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. फाटक्या आवाजावरच माझं पोट चालतं, म्हणून चार ओळी.

डीजेचा आवाज फाटतो, कारण अँप्लिफायर ताकदीबाहेर ताणलेला असतो. सप्लायचं व्होल्टेज संपतं तिथं आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात. आमच्या लाईनीत याला क्लिपिंग म्हणतात. गोल लाट चौकोनी होत जाते, मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि त्यांचा सगळा मार ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, केसाएवढ्या तारेवर येतो. लग्नसराईत जळके ट्वीटर माझ्याकडे पोत्यानं येतात. गिऱ्हाईकं स्पीकरच डुप्लिकेट निघाला म्हणतात. व्हॉल्यूम कमी कोणी करत नाही.

माझा भाचा कॉम्प्युटरवर संगीत बनवतो आणि हेच मुद्दाम करतो, खोलीत, हेडफोन लावून. दिवाळीत त्यानं शेजारच्या गोंधळ्यांचं संबळ मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि दुकानात आला. "मामा, तो जुना कॅसेट डेक आहे का?" होता, हेड (टेप घासून जाते तो भाग) झिजलेला. मी स्पिरिटचा बोळा घेऊन हेड पुसायला लागलो तर म्हणतो, राहू द्या, घाण राहू द्या. असं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नव्हतं! रेकॉर्डिंग लेव्हल एवढी चढवली की काटा लाल पट्टीत जाऊन चिकटला. टेपवरचा चुंबकीय लेपही एका मर्यादेपर्यंतच आवाज घेतो, पण ट्रान्झिस्टरसारखा कुऱ्हाड घालत नाही, माथे हळूहळू दाबत नेतो. परत वाजवलं तर संबळाचा धुम्म जाड झालेला आणि काठीच्या टोल्याला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर.

मग लॅपटॉपवर त्यानं तोच तुकडा १६ बिटवरून ४ बिटवर आणला. १६ बिटमध्ये आवाजाची उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्या असतात, ४ बिटमध्ये फक्त १६. शेर, अधोली फेकून देऊन नुसत्या पायलीनं धान्य मोजावं तसं. मधला माल एक तर अख्खी पायली धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा. या चुकलेल्या मापाचीच कचकच ऐकू येते, आणि सगळ्यात जास्त नाद विरत जातो तिथं. तिथं आवाजाचे दाणे मोजता येतील असं वाटतं. एवढी उठाठेव करून हे सगळं तो मूळ संबळाखाली मिसळतो चिमूटभरच, वरणात हिंग घालावा तसं.

खरखर आपल्याला परकी आहे असंही नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तो तार घोडीला घासून झणझणावी म्हणूनच. त्याला जवारी म्हणतात. (ज्वारीच्या मुलखात जवारी समजावून सांगावी लागते, बघा.) तिकडं अमेरिकेत, नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत १९६० च्या सुमारास आवाज मिसळणाऱ्या मिक्सरचा एक भाग बिघडला आणि गिटारचा आवाज फाटून आला. त्यांनी तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, आणि १९६२ मध्ये गिटारचा आवाज तसा फाडणारी छोटी डबीच बाजारात आली. दुरुस्तीवाल्याला वेळेवर बोलावलं असतं तर बात संपली असती.

तेव्हा तक्रार करायची तर मोठ्या आवाजाची करा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि सणासुदीची थोडी सूट सोडली तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. त्यात खरखरीत आणि गुळगुळीत असा भेद नाही. गोड गळ्याचं भजन तेवढ्याच मोठ्यानं लावलं तरी आवाज मोजायचं मीटर तेवढंच दाखवणार. ते मीटर आमच्या गल्लीत मी अजून एकाही मिरवणुकीत पाहिलेलं नाही.

भाच्याचा तुकडा गोंधळी शेजाऱ्यांना ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, "संबळ आमचंच आहे, पण जत्रेत लांबच्या भोंग्यातून आल्यासारखं वाटतंय." भाचा दिवसभर खूश होता. डेक अजून त्याच्याकडेच आहे.

आपला,
एक दुरुस्तीवाला वाचक, परभणी