डोसचा आकडा रिपोर्टवर का नाही?

संपादक महोदय,
मागच्या महिन्यात आईला पोटाच्या सीटी स्कॅनला नेलं होतं. तिथल्या टेक्निशियनच्या खिशावर अंगावर पडणारे किरण मोजणारा तो छोटा बॅज, त्यांना वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची (किरणांचा डोस मोजायचं एकक) मर्यादा असते आणि बॅज ठरावीक काळाने तपासायला जातो, चांगलंच आहे, पण आईला किती डोस बसला ते रिपोर्टमध्ये कुठेच नाही. विचारलं तर म्हणे "काही होत नाही हो काका". पेशंटला मर्यादा नसते कारण गरज असेल तर स्कॅन करावाच लागतो, हे पटतं. पण छातीच्या एक्स-रेला फार तर 0.1 मिलिसिव्हर्ट आणि पोटाच्या सीटीला साधारण 8-10, आणि डॉक्टर बदलला की तोच सीटी परत! मशीन डोसचा आकडा स्वतःच दाखवतं, मग तो रिपोर्टवर छापायला शाई किती लागते? सरकारने लायसन देताना एवढी अट घालावीच, आणि इन्स्पेक्शनला आल्यावर किरण अडवणारे लेडचे (शिशाचे) एप्रनपण उघडून बघावेत, तिथे एक घडी घालून कपाटात कोंबलेला दिसला, घडीवर आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून कळतसुद्धा नाही.

- एक वाचक