पोकरच्या टेबलावरची वजाबाकी

महोदय,

पोकर हा कौशल्याचा खेळ की निव्वळ जुगार, या वादात कॅसिनोच्या कार्डरूममधली एक साधी गोष्ट नेहमी सुटून जाते. रुलेटमध्ये (फिरत्या चाकावरच्या जुगारात) कॅसिनो खेळाडूविरुद्ध खेळतो, तसा येथे खेळत नाही. खेळाडू एकमेकांचेच पैसे जिंकतात आणि बहुतेक ठिकाणी जमलेल्या रकमेतून डीलर दोन-चार चिप्स उचलून टेबलातल्या फटीत सोडतो, तीच कॅसिनोची कमाई, म्हणजे ‘रेक’. तो हात इतका सराईत असतो की डाव जिंकलेल्याचेही तिकडे लक्ष जात नाही. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात सुरुवातीच्या दोन पत्त्यांत दोन्ही एक्के सरासरी २२१ डावांत एकदा हाती येतात, हे गणित तोंडपाठ असलेल्यांनाही रात्रभरात रेकपोटी किती गेले ते सांगता येत नाही (मलाही येत नसे). कौशल्याची चर्चा छापताना ही वजाबाकीही मांडावी, ही विनंती.

– एक वाचक