खाटांच्या वॉर रूमला कायमचा आदेश द्या!

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

कोविडच्या पहिल्या महिन्यांत मुंबईत रुग्णालयातल्या खाटेसाठी सगळा भार १९१६ या पालिकेच्या एका हेल्पलाइन क्रमांकावर होता. जून २०२० मध्ये पालिकेने २४ विभागांत २४ वॉर रूम, म्हणजे खाटा ठरवून देणारे नियंत्रण कक्ष, उघडल्या आणि प्रयोगशाळांचे अहवाल आधी स्वतःकडे मागवले. कारण साधं होतं: लक्षणं नसलेला पण ओळखी असलेला माणूस अहवाल हातात पडताच आयसीयूची खाट अडवत होता. वॉर रूममध्ये डॉक्टर लक्षणं आणि ऑक्सिजनची पातळी विचारून खाट ठरवू लागला. ही पद्धत प्रत्येक महापालिकेत स्थायी आदेश म्हणून हवी, अशी आमची मागणी आहे.

ती अडते कुठे, तेही सांगतो. स्वॅबच्या फॉर्मवर रुग्णाऐवजी नमुना नेणाऱ्याचाच मोबाइल लिहिलेला असतो. पिनकोडवरून विभाग ठरवला तर यादी चुकते, कारण एकाच पिनकोडात दोन विभाग येऊ शकतात. म्हणून इमारत, विभाग आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक हे तीन रकाने सक्तीचे करा. डॅशबोर्डवरची, म्हणजे रिकाम्या-भरलेल्या खाटा दाखवणाऱ्या संगणकावरच्या तक्त्यातली, खाट बिल चुकतं होईपर्यंत भरलेलीच दिसते. सकाळ-संध्याकाळ रुग्णालयाच्या वॉर्डांत फिरून खाटा मोजणारा पालिकेचा माणूस नेमल्याशिवाय हा आकडा खरा होत नाही.

सर्वांत धोक्याचा हिशेब ऑक्सिजनचा. जम्बो, म्हणजे मोठ्या, सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो, हाय फ्लोवर (नाकातून वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ६० लिटर लागले तर दोन तासही नाही. म्हणजे 'ऑक्सिजनच्या ५० खाटा' या आकड्यावरून साठा किती तास टिकेल हे कळतच नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत ऑक्सिजन कमी पडल्याने एका रात्रीत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण हलवावे लागले. प्रत्येक रुग्णालयाने खाटांसोबत 'किती तासांचा साठा' हा आकडा दर सहा तासांनी कळवावा, आणि बारा तासांच्या खाली आला की वॉर रूमने लगेच टँकर वळवावा.

मनुष्यबळाचंही आधीच ठरवा. वॉर रूममध्ये शिक्षकांना बसवलं तर शाळा उघडताच खोली रिकामी होते. प्रत्येक पाळीत एक डॉक्टर आणि फोनवर किमान चार जण, त्यांच्या नावांची यादी दर एप्रिलमध्ये नवी व्हावी. लेप्टो-डेंग्यूच्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, हीच खोली चालवा, म्हणजे सराव राहील.

या मुद्द्यांवर शासन निर्णय येत्या पावसाळ्याआधी निघावा, ही विनंती.

आपले,
नागरी आरोग्य व्यवस्थेत काम करणारे काही जण